नऊ किलो तीनशे

झोडग्याच्या पुढे, मालेगावच्या अलीकडे, पहाटे पाचच्या सुमाराला एका बाईनं मला तिचं लेकरू धरायला सांगितलं आणि मी नाही म्हटलं. घडलं ते एवढंच. हायवेच्या कडेला बाभळींची रांग होती, सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेली आमची दिंडी शंभरेक पावलं पुढे गेली होती आणि माझ्या कमरेतून चमक निघत असल्यामुळे मी मागे रेंगाळले होते. ती बाई दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या दिंडीतली. पायात झिजलेल्या स्लिपर, पदर कमरेला खोचलेला, कडेवर वर्षा-सव्वा वर्षाचं पोर. त्याच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं. तिला आडोशाला जायचं होतं. ‘बैन, जराखा पोऱ्याले धरा ना,’ ती म्हणाली. मी सॅकचे पट्टे सावरत म्हटलं, ‘मनी कंबर धरेल शे व माय.’ तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीवरच्या सॅककडे पाहिलं. ‘बरं, ऱ्हाऊ द्या.’ आवाजात राग नव्हता. पोराला तसंच कडेवर घेऊन ती बाभळींमागे गेली, आणि मी दिंडी गाठायची म्हणून पुढे चालू लागले.

ते लेकरू नऊ किलोचं होतं.

हे मी अंदाजानं सांगत नाही. मी अंगणवाडी सेविका आहे. गेली एकोणीस वर्षं दर महिन्याला गावातली लेकरं काट्यावर घालून त्यांची वजनं रजिस्टरात लिहिते, आता मोबाईलमध्येही भरते. मांड्यांवरची घडी, मनगट, मानेची ठेवण पाहिली की मला आकडा दिसतो, आणि तो दोनशे-तीनशे ग्रॅमच्या वर चुकत नाही. माझ्या सॅकचं वजनही मला ठाऊक होतं, कारण निघायच्या आदल्या दिवशी मी ती अंगणवाडीच्या त्याच काट्याला टांगली होती. नऊ किलो तीनशे. म्हणजे माझे कपडे, माझा डबा, माझी औषधं असं नऊ किलो मी चार दिवस वाहत होते आणि नऊ किलोच्या जिवाला दोन मिनिटं धरायला माझी कंबर तयार नव्हती. हा हिशेब डोक्यात मांडला गेला तेव्हा मी त्या बाईपासून बरीच पुढे आले होते. थांबून मागे पाहिलं. उजाडायला लागलं होतं, रस्त्यावर झेंडेच झेंडे होते, आणि त्यात ती कुठली हे ओळखू येत नव्हतं.

माझं कंबरेचं दुखणं आठ वर्षांचं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला बारा दिवसांआड पाणी यायचं. जे पाणी येईल ते भरून ठेवायचं, मग ते अर्धं अंगणातून ओट्यावर ओढायचं. असाच एक ड्रम ओढताना कंबरेत काहीतरी सटकन झालं आणि मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. उसण भरली असेल म्हणून सासूबाईंनी विटकरीचा शेक दिला, कुणी एरंडाचं पान बांधायला सांगितलं. पंधरा दिवसांनी तालुक्याच्या गावाबाहेर जाऊन एमआरआय काढला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे असं सांगण्यात आलं आणि एक यादी हातात मिळाली. वाकू नका. जड उचलू नका. खाली बसू नका. मोटरसायकलवर बसू नका. अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईनं वाकायचं नाही आणि खाली बसायचं नाही म्हणजे काय करायचं, हे त्या यादीत नव्हतं. मी यादी पाळली. लेकरांना काट्यावर ठेवायचं काम मदतनीसबाईंकडे गेलं, मी खुर्चीवरून आकडे लिहू लागले. पोरं माझ्याकडे हात करून यायची तेव्हा मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. आठ वर्षांत मी गावातलं एकही लेकरू उचललं नाही. हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. माझ्यासुद्धा लक्षात ते त्या पहाटेच आलं.

मग मी पायी गडावर का निघाले, असं घरातल्या सगळ्यांनी विचारलं. माझी आई पारोळ्याहून सात चैत्र पायी गेली होती. सप्तशृंगीचं माहेर खान्देश, असं आपल्याकडे मानतात. नवरात्रात सगळा महाराष्ट्र गडावर जातो, पण चैत्र आपला. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत जळगाव, धुळे, नंदुरबारचे रस्ते गडाच्या दिशेनं चालू लागतात. माहेरची माणसं लेकीला भेटायला जातात तसं ते जाणं असतं. पौर्णिमेनंतर अठरा दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, गौराई बसते, झोके बांधले जातात आणि घरोघरच्या लेकी माहेरी येतात. आई म्हणायची, आधी तिला भेटून यायचं, मग आपल्या लेकींची वाट पाहायची. आई गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तिची आठवी वारी राहून गेली होती, ती मला करायची होती. याच्याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

निघायच्या तीन महिने आधी मी धुळ्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. वयानं माझ्या भाचीएवढ्या. मी एमआरआयचं पाकीट टेबलावर ठेवलं, पण त्यांनी ते लगेच उघडलं नाही. आधी मला चालायला लावलं, पुढे वाकायला लावलं, उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, पायाच्या अंगठ्यात जोर आहे का ते पाहिलं. मग म्हणाल्या, काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी शंभरात तिसांच्या गादीला फुगवटा दिसतो, आणि ऐंशीच्या घरातल्यांमध्ये चौऱ्याऐंशी जणांच्या. केस पिकतात तसंच ते. मी आठ वर्षं ज्या कागदाला घाबरून जगले त्याच्याबद्दल कुणी असं पहिल्यांदा बोलत होतं. माझा लगेच विश्वास बसला नाही, थोडा रागही आला. दुखणं खोटं आहे का मग? त्या म्हणाल्या, दुखणं अगदी खरं आहे, पण तुमचा कणा काचेचा नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाबद्दलही त्यांनी सांगितलं. कंबरदुखीतून नुकतेच उठलेले ७०१ लोक घेतले, त्यातल्या अर्ध्यांना हळूहळू वाढवत नेमानं चालायला लावलं, सोबत दुखण्याबद्दल नीट समजावून सांगितलं. त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत २०८ दिवस गेले. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. ‘तेव्हा चाला,’ त्या म्हणाल्या. ‘चालणं तुमचं औषधच आहे. फक्त सॅक सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका.’ माझं वजन एकसष्ट, त्याचा दहावा भाग. एक यादी त्यांनीही दिली, पण ती वेगळी होती. लघवी तुंबली किंवा आपोआप झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, पाऊल उचलेनासं झालं, तर नवस बाजूला ठेवून त्याच घटकेला मोठं हॉस्पिटल गाठायचं. ही यादी मी इथे मुद्दाम लिहिते आहे. वारीतली माणसं असली दुखणी देवीवर सोडतात, आणि यातल्या एकाही गोष्टीला दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायला वेळ नसतो.

तीन महिने मी चालले. पहाटे गावाबाहेरच्या पाटाच्या कडेनं आधी अर्धा तास, मग तास, शेवटी शेवटी दोन दोन तास. सगळं ऐकलं, सॅकचं तेवढं ऐकलं नाही.

दिंडीत सगळ्यांचं सामान टेम्पोत असतं. गाद्या, भांडी, गॅस, पोरांचे कपडे असं सगळं छोट्या हत्तीत रचून तो पुढे मुक्कामाला जातो आणि माणसं हातात झेंडा नाहीतर पाण्याची बाटली घेऊन मोकळी चालतात. पाठीवर सॅक घेतलेली मी एकटीच. आई चालायची तेव्हा तिच्या दिंडीत टेम्पो नव्हता, ती डोक्यावर गाठोडं घेऊन जायची, आणि मला तिच्यासारखंच जायचं होतं. पण आईच्या गाठोड्यात एक लुगडं, एक चादर आणि दशम्या असत. माझ्या सॅकमध्ये तीन ड्रेस, दोन चादरी, दोन लिटरच्या दोन बाटल्या, शेकायची रबरी पिशवी, कंबरेचा पट्टा, बामच्या दोन बाटल्या, गोळ्यांचा डबा, बॅटरी, चार्जिंगची पॉवर बँक, कळण्याच्या पिठाचा पुडा, शेंगदाण्याची चटणी आणि सगळ्यात तळाला देवीच्या ओटीचं सामान होतं. सॅक मुलाची, कॉलेजात असताना किल्ल्यांवर जायला घेतलेली. तिला कमरेपाशी एक रुंद पट्टा होता. तो कशासाठी हे मला माहीत नव्हतं. लोंबकळू नये म्हणून मी तो पोटावर घट्ट बांधत असे.

पहिल्या रात्री मुकटीपर्यंत काही जाणवलं नाही. चैत्रात दिवसा चालताच येत नाही. दहा वाजले की डांबर तापतं, दुपारी बेचाळीस अंशांत मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली नाहीतर शाळेच्या ओट्यावर पडून राहायचं आणि ऊन कललं की पुन्हा निघायचं. रात्री मात्र रस्ता आपला. कडुनिंबाला मोहोर आलेला असतो, अंधारात झाड दिसत नाही पण खालून जाताना वास येतो. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग शेताच्या बांधावर काळे दिसतात. गावागावांत लोक मांडव टाकून बसलेले, कुठे ताक, कुठे लिंबाचं सरबत, कुठे कलिंगडाच्या फोडी. फागण्याच्या अलीकडे एक म्हातारे बाबा खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पायावर तांब्यानं पाणी ओतत होते. ते पाणी टाचेच्या भेगांत शिरलं की झिणझिण्या डोक्यापर्यंत जायच्या. धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीला नमस्कार केला, दुपारी खिचडी खाल्ली आणि संध्याकाळी उठायला गेले तर उठता येईना.

जागा तीच. माकडहाडाच्या वर, डाव्या अंगाला, रुपयाएवढी. तिथून एक दोरी कुल्ल्यापर्यंत ओढल्यासारखी वाटत होती. लळिंगचा चढ मी दात धरून चढले. चढावर माणूस आपोआप पुढे वाकतं, सॅक मागून खाली ओढते, आणि या दोन्हींच्या मध्ये कंबर सापडते. शिवाय आम्ही सतत रस्त्याच्या डाव्या कडेनं चालत होतो. रस्त्याला कडेकडे ढाळ असतो, पाणी वाहून जावं म्हणून. डोळ्यांना तो दिसतही नाही, पण डावा पाय प्रत्येक पावलाला बोटभर खाली पडत होता, डावी कंबर त्याच्याबरोबर खचत होती, आणि तीस किलोमीटरमध्ये किती पावलं होतात ते काय सांगावं. मला हे कळलं, कारण आर्वीजवळ काम चाललेलं होतं तिथे सपाट मुरमाची पट्टी लागली आणि तेवढ्या वेळात दुखणं निम्म्यावर आलं. पुन्हा डांबर लागलं तशी दोरी पुन्हा ताणली.

दुखणाऱ्या माणसाचं जग किती लहान होतं, हे मी त्या दोन दिवसांत पाहिलं. शेजारून भजन चाललेलं, मला शब्द ऐकू येत नव्हते. कुणी हाक मारली तर मान वळवायच्याऐवजी सगळं अंग वळवावं लागतं म्हणून मी वळायचेच नाही. पुढच्या मुक्कामाला जमीन कशी असेल, भिंतीला टेकायला जागा मिळेल का, सकाळी संडासला बसता येईल का, एवढेच विचार. आपल्या दुखण्याला आपण सारखं पांघरूण घालत बसतो आणि पांघरुणाबाहेरचं काही दिसत नाही. त्या बाईनं हाक मारली तेव्हा मी या पांघरुणातून तिला उत्तर दिलं.

मालेगावचा मुक्काम एका शाळेत होता. मी व्हरांड्यात सॅक टाकली आणि तिच्या शेजारी आडवी झाले. आमच्या दिंडीत धुळ्याच्या मार्केट यार्डात हमाली करणारे एक भाऊ होते, पन्नाशीचे, मानेवर घट्टा पडलेला. ते बराच वेळ माझ्या सॅककडे पाहत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, ‘ताई, एक सांगू का? हाऊ पट्टा पोटवर काबरं बांधतस तुम्ही?’ मी म्हटलं, लोंबतो म्हणून. त्यांनी मान हलवली. स्वतःच्या कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मुठी ठेवून दाखवल्या. ‘वझं हाडवर ठेवानं, मासवर नही.’ मग माझी परवानगी विचारून सॅक रिकामी केली. ओटीचं सामान निघालं तेव्हा हात धुऊन आले आणि ते वेगळ्या टॉवेलवर ठेवलं.

त्यांनी काय केलं ते सांगते, कारण पुढचे तीन दिवस मी त्याच्यावर चालले. आधी सामानाचे दोन ढीग केले, गडापर्यंत रोज लागणारं आणि न लागणारं. दुसऱ्या ढिगात दोन ड्रेस, एक चादर, पीठ, एक बाटली, रबरी पिशवी, सगळं गेलं आणि तिथून टेम्पोत. उरलेलं भरताना मऊ कपडे तळाला, पाण्याची बाटली आणि जड वस्तू मधोमध, पाठीला अगदी चिकटून, आणि हलकं वर. मी बाटल्या सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवत होते, त्या मला चार दिवस मागे ओढत होत्या. ‘गोणी पाठवर लागेल पाह्यजे,’ ते म्हणाले, ‘पाठमा न गोणीमा वारा गया का माणूस पडना.’ मग मला उभं केलं आणि खांद्याचे पट्टे सैल सोडायला सांगितले. कमरेचा पट्टा हाडांच्या कडेवर बसवून आधी तो आवळायचा, मग खांद्याचे पट्टे फक्त सॅक पाठीला टेकेल इतपत ओढायचे. मी आवळला. खांद्यांवरचा भार उतरला. गेला कुठे ते पाहायला मी पाऊल टाकलं, तर तो सरळ पायांत चालला होता. कंबरेला कुणीतरी दोन्ही तळव्यांनी आधार दिल्यासारखं वाटलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचा माल वाहिला त्यानं माझ्या सॅकला दहा मिनिटं दिली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं. सकाळी त्या पोराला मी दोन मिनिटं दिली नव्हती.

मी त्यांना त्या बाईबद्दल सांगितलं. कडेवर पोर घेतलेली ती का, असं शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं. ती शिंदखेड्याकडची. नवसाचं पोर, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं. गडापर्यंत त्याला कडेवरूनच नेईन, गाडीत बसवणार नाही, असं बोलली आहे देवीला. मी काहीच बोलले नाही. रात्री भिंतीशी उताणी पडून पोटऱ्या शाळेच्या बाकावर ठेवल्या, गुडघे काटकोनात, ताईंनी शिकवलं होतं तसं. दहा मिनिटांत कंबर जमिनीला टेकत गेली, दोरी सैल झाली. शेजारच्या मांडवात कुणीतरी दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट वाटत होतं, माझ्यापर्यंतही आलं. मी घेतली नाही. दिवसभर घाम गाळलेला, अंगात पाणी कमी, पोटात खिचडीचे चार घास; अशा अंगावर या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात असं मला सांगितलेलं होतं. पण लोक त्या शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकत होते आणि एकदोघांना सांगूनही कुणी ऐकलं नाही.

उमराण्यापासून पुढे कसमादेचा, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या पट्ट्याचा, कांदा सुरू झाला. शेतात उन्हाळ कांदा काढून पडलेला, बायका उकिडव्या बसून पात कापत होत्या, हवेत तो गोडसर उग्र वास. सॅक आता पाच किलोच्या आत होती. दुखणं गेलं नव्हतं, ते माझ्याबरोबर चालत होतं, पण आता शेजारून. दर तासाला मी पाच मिनिटं थांबायचे, सॅक उतरवायची, कंबरेवर हात ठेवून हळूच मागे झुकायचं, बाजूला सपाट पट्टी दिसली की त्यावरून चालायचं. भजनाचे शब्द ऐकू येऊ लागले. आणि देवळा, कळवण, आठंबे, प्रत्येक गावच्या मांडवात मी कडेवर पोर असलेली ती बाई शोधत होते. भेटली असती तर काय म्हटलं असतं, ठरवलं नव्हतं. पोराला मागून घेतलं असतं बहुतेक.

नांदुरीला टेम्पो थांबला. यात्रेत वर खासगी गाड्या सोडत नाहीत. घाटातला रस्ता रात्रभर माणसांनी भरून वाहत होता, वळणावळणावर दिवट्या, हलगी, ‘सप्तशृंगी माते की जय’. पहाटे पायऱ्यांच्या रांगेत लागले. चार तासांनी तिच्यासमोर उभी राहिले. शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये काढला, त्यानंतर मी पहिल्यांदाच पाहत होते. आठ फुटांची, कड्यात कोरलेली, अठरा हातांची. मान एका बाजूला किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणत होते, ती ऐकायला तिनं कान तिकडे केला आहे, असं लहानपणापासून ऐकलेलं. अठरा हातांत अठरा वस्तू धरून ती युगानुयुगं उभी आहे, आणि तरी तिचं लक्ष आपल्या हातांतल्या ओझ्यावर नाही, समोरून कोण काय म्हणतंय त्याच्यावर आहे. मला एवढंच दिसलं. पुजाऱ्यांनी पुढे सरका म्हटलं. ओटी भरली, एक नारळ आईच्या नावानं वाहिला. खाली उतरताना पायऱ्यांच्या वळणावर गर्दीत एक काजळ घातलेलं डोकं कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं दिसलं. ते तेच पोर होतं का, सांगता येणार नाही. मी हाक मारली असती तरी त्या गजरात ती पोहोचली नसती.

घरी आल्यावर आठ दिवसांनी धुळ्याला गेले. ताईंनी कंबर तपासली, चांगली आहे म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, नऊ किलोचं लेकरू उचलायचं असेल तर? त्यांनी हसून विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, कुणाचंही.

त्यांनी शिकवलं ते आता रोज करते. दोन किलोपासून सुरुवात केली, दर आठवड्याला थोडं वाढवत नेलं. उशीच्या अभ्र्यात गहू भरायचे, तोंड बांधायचं, जमिनीवर ठेवायचं. पाय खांद्याएवढे फाकून अगदी जवळ उभं राहायचं. गुडघ्यांत आणि जांघेत मुडपून खाली जायचं, पाठ लांब. अभ्रा छातीशी ओढून घ्यायचा, लांब धरायचा नाही. श्वास सोडत सोडत मांड्यांच्या जोरावर वर यायचं. पहिल्या आठवड्यात दोन किलोला हात लावताना सगळं अंग आकसलं, आठ वर्षांची ती यादी कानात वाजली. आखाजीला नणंद माहेरी आली तेव्हा तीन किलोवर होते. सासूबाई ओट्यावरून पाहत असायच्या. मी गव्हाचा अभ्रा छातीशी धरून अंगणात फेऱ्या मारतेय असं पाहून एक दिवस म्हणाल्या, ‘हाई दयन कोठे चालनं व?’ हे दळण कुठे निघालं, असं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी अभ्र्याची शिवण उसवत आली होती ती त्यांनी दुहेरी टाक्यानं शिवून ठेवली. आषाढात साडेनऊ किलो झाले.

श्रावणातल्या वजनाच्या दिवशी पाऊस होता, पोरं कमी आली होती. खालच्या आळीतली एक आई लेकीला घेऊन आली. वर्षाची पोर, झबलं ओलं, हातात बिस्किट. मदतनीसबाई नेहमीप्रमाणे पुढे झाल्या. मी खुर्चीवरून उठले, पोरीच्या जवळ गेले, खाली बसले, तिला छातीशी घेतलं आणि श्वास सोडत उठले. तिनं बिस्किटाचा हात माझ्या गळ्यात टाकला. काट्यावर ठेवली, आकडा वाचला, नऊ किलो शंभर. मदतनीसबाई रजिस्टर धरून माझ्याकडे पाहत होत्या. पोर रडायला लागली तशी मी तिला पुन्हा उचलून कडेवर घेतली. कमरेच्या हाडावर ती अगदी नीट बसली. ‘ताई, द्या ना इकडे,’ मदतनीसबाई म्हणाल्या, ‘कंबर धरई ना तुमनी.’

‘ऱ्हाऊ द्या,’ मी म्हटलं. ‘जराखा धरस.’